रात्रीची गाडी आणि आईची झोप

लातूर-नांदेडच्या माणसाने हैदराबादला परके म्हणावे की आपले? सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आपली राजधानी होती. शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी, मोठ्या दुखण्यासाठी माणसे तिकडेच जात. पुढच्या पिढ्यांना मात्र ते शहर परराज्यातले, परभाषेतले झाले. बहात्तर वर्षांच्या माझ्या आईने त्या शहराच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून ऐकल्या होत्या. पाहिले मात्र कधीच नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही चौघांनी जायचे ठरवले. मी, माझे पती, तेरा वर्षांचा मुलगा आणि आई. खर्च बेताचा ठेवायचा होता. लातूररोड, उदगीर, बिदर, विकाराबाद या मार्गाने रात्रीची गाडी धरली की एका मुक्कामाचे भाडे वाचते आणि सकाळी ताजेतवाने शहरात उतरता येते, असा आमचा सरळ हिशोब होता. नांदेडहून आम्ही आईला घ्यायला लातूरला गेलो, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, “दिवसाची गाडी नाही का गं?”

त्या प्रश्नामागचे कारण आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. पण बोलत कोणीच नव्हते. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून गावे गाढ झोपलेली असताना पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आई तेव्हा लातूरला होती. तिचे माहेर औसा तालुक्यात; ते दगडमातीचे घर कोसळले आणि त्या घरातली चार माणसे गेली. तेव्हापासून अंथरूण हलले की तिचे काळीज हलते. रात्रीचा प्रवास तिने तीस वर्षांहून अधिक काळ टाळला होता. आम्ही त्याला ‘आईची सवय’ म्हणत आलो. ती सवय नव्हती. मनाने सोसलेले शरीराने जपून ठेवले होते.

सहल रद्द करावी, असे मला वाटू लागले. आईच म्हणाली, “जाऊ या. पण मी जागी राहिले तर मला झोप झोप म्हणू नका.” ही अट आम्ही मान्य केली आणि मग तयारीची दिशाच बदलली.

तिच्या डॉक्टरांना आधी विचारले. आईला मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. झोपेची नवी गोळी प्रवासात देऊ नका, असे त्यांनी स्पष्ट बजावले. वयस्क माणसाचा गुंगीत तोल जातो आणि हलत्या डब्यात स्वच्छतागृहाकडे जाताना पडण्याचा धोका वाढतो. आईचे आणि माझे तिकीट मुद्दाम वेगळे काढले. पंचेचाळीस वर्षे पूर्ण झालेल्या महिला आणि साठ वर्षांवरील पुरुष यांच्यासाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो. तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर, जागा शिल्लक असल्यास, तो लागू होतो. चौघांचे तिकीट एकत्र काढले असते तर ही संधी गेली असती. गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता पर्समध्ये ठेवल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाणी घरूनच घेतले.

पहिल्या धक्क्याला आई उठून बसली. मी समोरच्या बर्थवर उठले. मी समजावू लागताच ती म्हणाली, “काय होतंय ते सांगू नको. कुठं थांबणार ते सांग.” मग आम्ही स्थानके मोजू लागलो. उदगीर गेले, भालकी गेले, बिदर आले. प्रत्येक थांब्यावर ती खिडकीशी सरकून फलक वाचायची. पहाटेच्या सुमारास तिने माझा हात धरला आणि उजाडेपर्यंत सोडला नाही. ती झोपली नाही. पण रडलीही नाही.

हैदराबादला उतरल्यावर थेट चारमिनार गाठायचा बेत आम्ही गुंडाळून ठेवला. रेल्वेच्या तिकिटावरच आरक्षित केलेल्या विश्रामकक्षात आंघोळ केली, आईची गोळी आणि न्याहारी वेळेवर झाली आणि ती अकरापर्यंत गाढ झोपली. सहलीतला तो सर्वांत सत्कारणी लागलेला वेळ.

दुपारी सालारजंग संग्रहालय पाहिले. ते शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवूनच दिवस निवडला होता. तिथून जवळच, मुसी नदीच्या काठी, उस्मानिया रुग्णालयाच्या परिसरात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, हजारो माणसे दगावली आणि या झाडाचा आश्रय घेतलेली सुमारे दीडशे माणसे वाचली. मुलाने ही हकीकत आजीला वाचून दाखवली. आई झाडाच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली. “सप्टेंबरच होता,” एवढेच म्हणाली. त्या संध्याकाळी चारमिनार खालूनच पाहताना तिने माहेरच्या त्या चार माणसांची नावे घेतली. माझ्या मुलाने ती प्रथमच ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवळकोंडा. गुडघ्यांना तो चढ झेपणारा नव्हता. बापलेक वर बालाहिसारला गेले. आम्ही दोघी फतेह दरवाजाच्या घुमटाखाली थांबलो. इथे वाजवलेली टाळी वर ऐकू येते, अशी त्या किल्ल्याची ख्याती. आईने टाळी वाजवली. खाली उतरल्यावर नातू म्हणाला, “आजी, ऐकू आली!” ती मनापासून हसली.

परतीचा बेतही रात्रीचाच होता. तो बदलून आम्ही दुपारच्या गाडीने नांदेडला आलो. हुसेनसागरातला बुद्ध पाहायचा राहिला; मुलगा थोडा हिरमुसला. पण एक रात्र आईने आमच्यासाठी काढली होती. दुसरी मागणे योग्य नव्हते.

काटकसरीच्या प्रवासात पैसे वाचतात, तेव्हा ते कुणाच्या झोपेतून, कुणाच्या गुडघ्यांतून, कुणाच्या भीतीतून तर वाचत नाहीत ना, हे पाहावे. घरातल्या सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाला विचारून वेळापत्रक आखावे. धडधाकट माणसे त्यात सहज सामावतात. आणि एखाद्या जुन्या आघाताची भीती वर्षानुवर्षे झोप हिरावत असेल, तर तिला स्वभाव समजून सोडून देऊ नये. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला कोणत्याही वयात घेता येतो. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा चोवीस तास उपलब्ध आहे.

आई आता एका तज्ज्ञांकडे जाते. पहाटे अजूनही उठून बसते. परवा मात्र फोनवर तिने आपणहून विचारले, “पुढच्या वर्षी कुठं? दिवसाची गाडी बघा.”