तडा सापडला, पण नेमका कुठे?

मंडळी, मागच्या वेळी आपण प्रोबमधून गेलेला ध्वनी तड्यावर आपटून कसा परत येतो ते पाहिलं. त्यावरून तडा किती खोल आहे हे कळतं. पण वेल्डच्या लांबीत तो कुठे आहे? ते सांगतं स्कॅनरला लावलेलं एक छोटंसं चाक, म्हणजे एन्कोडर.

चाक पाइपवरून फिरताना पल्स पाठवतं. समजा, चाकाचा व्यास ३० मिमी आहे. परीघ झाला सुमारे ९४.२ मिमी. एका फेरीत १,००० पल्स येत असतील, तर दर मिलिमीटरला साधारण १०.६ पल्स. यंत्र फक्त पल्स मोजतं आणि भागाकार करतं. पल्सच्या मालिका दोन असतात, एक दुसरीच्या किंचित मागे. कोणती आधी येते त्यावरून स्कॅनर पुढे चाललाय की मागे, हे समजतं.

मग चूक कुठे शिरते? पाइपवर पाणी किंवा जेल लावलेलं असतं, त्यावर चाक घसरतं. स्कॅनर पुढे गेला, चाक फिरलंच नाही. नोंदलेलं अंतर खऱ्यापेक्षा कमी. चाक झिजलं तर याच्या उलट. व्यास ३० चा २९.७ मिमी झाला, की ३ मीटरच्या वेल्डवर सुमारे ३० मिमी अंतर जास्त दिसतं.

एवढ्यानं काय बिघडतं? एका कामात आमच्याकडून नेमकं हेच झालं. आम्ही खूण केली तिथे ग्राइंडर चालला. चांगलं वेल्ड उकरलं गेलं आणि तडा शेजारी तसाच राहिला. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी केली, म्हणून तो सापडला.

तेव्हापासून आम्ही काम सुरू करण्याआधी स्टीलच्या टेपशेजारी स्कॅनर ५०० मिमी चालवतो आणि आकडा ताडून पाहतो. पाइपच्या गोल वेल्डवर तर शून्याच्या खुणेपासून पूर्ण फेरी मारून थोडं पुढे जातो. बाहेरचा व्यास ५०८ मिमी असेल, तर खुणेवर परतल्यावर आकडा १,५९६ च्या आसपास हवा. नसेल, तर चाक पुसून, पट्टा तपासून ती फेरी पुन्हा.

पट्टा कशासाठी? एकच चाक असेल तर स्कॅनर बाजूला सरकलेला त्याला कळत नाही. दोन दिशांची नोंद ठेवून गंजाचा नकाशा कसा काढतात, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.