कारवानी कुत्र्याच्या फासळ्या

लातूर जिल्ह्यातल्या जानवळचा कारवानी कुत्रा पाहिला की शहरी पाहुणा हळहळतो, ‘उपाशी ठेवता का हो याला?’ वस्तुतः शेवटच्या फासळ्या दिसणे, पोट आत ओढलेले असणे ही या शिकारी जातीची निरोगी ठेवण. काळजी करावी ती लातूर-नांदेडच्या घरांत दूध-पोळी आणि बिस्किटांवर गुबगुबीत झालेल्या लॅब्राडॉरची.

चरबी म्हणजे निव्वळ साठा नव्हे. ती संप्रेरके आणि दाहकारक द्रव्ये रक्तात सोडते. मग पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, रक्तातला मेद वाढतो. माणसाप्रमाणे याचे पर्यवसान सहसा टाइप-२ मधुमेहात होत नाही. कुत्र्याचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन स्रवून तोल सांभाळते. म्हणून नुसती साखर तपासून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ४८ लॅब्राडॉर जन्मभर पाहिले गेले. जोडीतल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, इतरांचे ११.२. त्यांचा इन्सुलिन-प्रतिसादही चांगला राहिला.

घरी तराजू नको. बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता हाताला लागल्या तर ठीक. लागल्या नाहीत, तर यंदा फराळाचा तुकडा त्याच्यापुढे न टाकणे हीच खरी माया.