पंचवीसच्या आतली सायकल

ई-सायकल आता व्यापारी पेठांच्या ओळखीची झाली आहे. दुकानातील मुलगा तिच्यावरून जवळपासची पार्सले पोहोचवतो, घरातील शाळकरी मुले शिकवणीला जातात. विकणारा हमखास सांगतो, "लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको." हे वाक्य खोटे नाही, अपुरे आहे, आणि कुटुंबाला महाग पडतो तो त्यातला न सांगितलेला भाग.

यंत्राच्या बळावर रस्त्याने धावणारे वाहन मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कक्षेत येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 2 ने त्यातून हलक्या विद्युत वाहनांना सूट दिली, परंतु अटींवर. मोटर सलग तीस मिनिटे देऊ शकेल ती शक्ती 250 वॉटपेक्षा कमी हवी. वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी वगळून वजन 60 किलोहून अधिक नसावे, ब्रेक योग्य असावेत, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक असावा. पेडलला साहाय्य करणाऱ्या सायकलीत मोटरचा जोर वेगाबरोबर कमी होत जाऊन पंचवीसला, किंवा पाय थांबताच त्याआधीही, पूर्ण बंद झाला पाहिजे. आणि हे सारे पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेले असले पाहिजे.

खरी मेख येथेच आहे. सूट "ई-सायकल" या नावाला नाही, तपासून उतरलेल्या नमुन्याला आहे. पुष्कळ ठिकाणी वेगाचे बंधन एखादी वायर काढून सैल करून दिले जाते. ग्राहकही ते कौतुकाने मागतो. त्या क्षणी ती सायकल कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन ठरते आणि चालवणाऱ्याला परवाना व हेल्मेट दोन्ही बंधनकारक होतात. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या वाहनांविरुद्ध मोहीमही उघडली होती.

दंडाची पावती ही त्यातली लहान गोष्ट होय. सूट असलेल्या सायकलीला वयाची अट नाही, म्हणून ती चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती निर्धास्तपणे दिली जाते. पण तीच वेगवान केलेली असेल आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर 2019 च्या सुधारणेने आलेले कलम 199-अ पालकाला वा मालकाला जबाबदार धरते: 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड. मुलालाही वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पंचवीस हा आकडा असा दुसऱ्यांदा भेटतो. पादचाऱ्याला गंभीर इजा झाली तर भरपाईचा दावा मालकावर येतो, आणि विमाच नसल्याने ती रक्कम दुकानाच्या गल्ल्यातून जाते. नोकर दुकानाच्या कामावर असेल, तर "चालवत तो होता" एवढे म्हणून मालकाची सुटका होत नाही.

आपल्यापैकी काही कुटुंबे ही वाहने विकतातही. नियमबाह्य मोटार वाहन विकणाऱ्याला वा त्यात फेरफार करून देणाऱ्या विक्रेत्याला कलम 182-अ खाली 1 वर्षापर्यंत कारावास, प्रत्येक वाहनामागे 1 लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत विरुद्धराज्यातिक्रम आणि प्रतिरूपकव्यवहार हे दोन येतात: राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणे, आणि एकाच्या नावाखाली दुसरेच देणे. वेग वाढवलेले वाहन "सायकल" म्हणून बिलात लिहिणे यात दोन्ही एकदमच साधतात. ग्राहक स्वतः मागतो, हे समर्थन मला पटत नाही. कमी मापाचा ग्राहकही कधीकधी स्वस्ताईसाठी डोळेझाक करतो.

खरेदीच्या वेळी चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरील मॉडेलचे नाव बिलावरील नावाशी ताडून पाहावे. पाटीवर 250 वॉट छापलेले असणे पुरेसे नाही, कारण पाटी कोणीही छापू शकतो. जुनी सायकल घेताना एखाद्या मोकळ्या मैदानात ती पूर्ण वेगाने चालवून पाहावी. काटा पंचवीसच्या पुढे गेला तर व्यवहार तिथेच थांबवावा.