पायांची आशा, बोटांची प्रगती

जानेवारी 2000 मध्ये अमेरिकेत सुपर बोलच्या सामन्यादरम्यान एक जाहिरात झळकली. ‘सुपरमॅन’ म्हणून जगाला ठाऊक असलेला क्रिस्टोफर रीव्ह तीत उठून चालताना दिसला. 1995 मध्ये घोड्यावरून पडून मज्जारज्जूला इजा झाल्यापासून त्याचे मानेखालचे शरीर लुळे होते आणि जाहिरातीतले चालणे ही संगणकाची करामत होती. तरीही तो खरोखर बरा झाला, असे अनेकांना वाटले. पाच वर्षांनी दक्षिण कोरियाच्या टपाल खात्याने ह्वांग वू-सुक यांच्या मूलपेशी संशोधनाच्या गौरवार्थ तिकीट काढले. त्यावरही व्हीलचेअरमधून उठणारा माणूस होता. वर्षभरात ते संशोधन बनावट ठरले आणि तिकिटाची विक्री थांबली.

त्या काळची हवाच तशी होती. 1998 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या होत्या. त्यांपासून चेतापेशी बनतात, तर तुटलेला मज्जारज्जू का सांधता येऊ नये? पण भ्रूण वापरण्यावरून वाद पेटला आणि 2001 मध्ये अध्यक्ष बुश यांनी सरकारी पैसा आधीच तयार असलेल्या पेशींपुरता मर्यादित केला. या बंधनांविरुद्ध बोलत राहिलेला रीव्ह ऑक्टोबर 2004 मध्ये वारला. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अशा संशोधनासाठी 3 अब्ज डॉलर मंजूर केले.

2005 मध्ये त्याच राज्यातल्या अर्व्हाइन इथे हान्स कीर्स्टेड यांनी उंदरांवरचा प्रयोग जाहीर केला. विजेच्या तारेवरच्या वेष्टनासारखे चेतातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते पुन्हा चढवू शकणाऱ्या पेशी त्यांनी मूलपेशींपासून तयार केल्या होत्या. दुखापतीनंतर सात दिवसांनी त्या टोचलेले उंदीर बरेच सुधारले. दहा महिन्यांनी टोचलेल्यांना काहीच फायदा झाला नाही.

याच पेशी घेऊन जेरॉन कंपनीने ऑक्टोबर 2010 मध्ये अटलांटात पहिल्या रुग्णावर चाचणी सुरू केली. मात्रा 20 लाख पेशींची होती. जेमतेम वर्षभरानंतर पैशाचे कारण देऊन कंपनीने अंग काढून घेतले. पुढे अॅस्टेरियस कंपनीने मानेला इजा झालेल्यांना 2 कोटींपर्यंत पेशी दिल्या. वर्षाअखेर 22 पैकी 21 जणांना शरीराच्या निदान एका बाजूला किमान एका पातळीची हालचाल परत मिळाली होती. मानेच्या दुखापतीत एक पातळी म्हणजे मनगट वळणे किंवा कोपर सरळ करता येणे. चालण्याच्या स्वप्नापुढे हे क्षुल्लक वाटेल. पण स्वतःच्या हाताने घास घेता येईल की नाही, हे त्यावरच ठरते.

मात्र दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत अनेकांची थोडीफार सुधारणा आपोआपच होते. या चाचणीत तुलनेसाठी पेशी न दिलेला गट नव्हता, त्यामुळे श्रेय पेशींना किती द्यायचे याचे उत्तर मिळेना. जपानमध्ये डिसेंबर 2018 मध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींवर आधारित ‘स्टेमिरॅक’ या उपचाराला सशर्त परवानगी मिळाली, तीही अवघ्या 13 रुग्णांच्या आणि तुलना गट नसलेल्या चाचणीवर. जगभरातल्या तज्ज्ञांनी टीका केली ती नेमकी याच मुद्द्यावर.

भारतात तर चाचणीशिवायच ‘उपचार’ विकले गेले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2017 मध्ये स्पष्ट बजावले, की रक्ताच्या व तत्सम विकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. तरी लाखो रुपये मोजून आशा विकत घेणारी कुटुंबे उरलीच.

दरम्यान भ्रूणाचा वाद निवळला होता. शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूलपेशींसारखे बनवले. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. याच तंत्राने घडवलेल्या पेशी टोकियोच्या केइओ विद्यापीठाने चार रुग्णांना दिल्या. 2025 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत, दोघांच्या हालचालीत सुधारणा झाली आणि त्यांतला एक आधाराविना उभा राहू लागला. हे चारही जण दुखापतीनंतर काही आठवड्यांच्या आतच निवडले होते. वर्षानुवर्षे खुर्चीत असलेल्या बहुसंख्य रुग्णांसाठी प्रश्न अजून 2005 च्या उंदरांपाशीच अडला आहे. जेरॉनच्या पेशी आज लिनिएज या कंपनीकडे आहेत आणि तिने 2025 मध्ये सुरू केलेल्या चाचणीत जुन्या दुखापतीच्या रुग्णांनाही सामावून घेतले आहे.