समता आणि संघाचे स्वत्व

मुख्याध्यापकाकडे माणसे दाखल्यासाठी येतात, ह्यात नवे असे काही नाही. परंतु डिचोली व पेडणे ह्या तालुक्यांतील शाळांतून गेल्या काही वर्षांत जुन्या रजिस्टरांची जी झडती चालू आहे, तिचे कारण मात्र निराळे आहे. आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी असाच आला. वडिलांच्या पोर्तुगीज जन्मनोंदीत आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले, शाळेच्या रजिस्टरात दुसऱ्या तऱ्हेने. पोर्तुगीज कारकुनाने लिहिलेले ‘नाईक’ आपल्या डोळ्यांना ‘नाइके’ असेच वाचावेसे वाटते. "सर, दोन्ही नावे एकाच माणसाची, एवढे कळेल असा दाखला द्या, म्हणजे लिस्बनचे काम अडणार नाही," असे तो म्हणाला. त्याची मुलगी आमच्याच शाळेत नववीत आहे. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात मला जो प्रश्न विचारला, त्यातून प्रस्तुत लेख निघाला आहे.

"सर, पोर्तुगीज राज्यात आपल्या माणसांना बरोबरीची वागणूक नव्हती, असे तुम्हीच शिकवता. मग त्याच राज्यात आजोबा जन्मले म्हणून मला युरोपात बरोबरीचा हक्क कसा मिळतो?" आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडे बोट दाखवून ती पुढे म्हणाली, "आणि हिला का नाही?" ही मैत्रीण दोडामार्गाकडून, म्हणजे हद्दीपलीकडून येते. दोघींचे बाक एक, भाषा एक, घरचे देवसुद्धा बहुधा एकच.

प्रश्नाचा पूर्वार्ध कायद्याचा आहे व त्याचे उत्तर सोपे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांस पोर्तुगाल आपले नागरिक मानीत आले, आणि त्यांच्या मुलानातवंडांसही नोंदणीने तो हक्क मिळत आला. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय समुदायात दाखल झाला. पुढे मास्ट्रिक्टच्या तहाने, १ नोव्हेंबर १९९३ पासून, सदस्य राष्ट्राचा प्रत्येक नागरिक हा आपोआप संघाचाही नागरिक ठरला. डिचोलीतल्या मुलीचे नाव लिस्बनच्या दप्तरात चढले की जर्मनीत अथवा आयर्लंडमध्ये नोकरी करताना ती तेथील माणसाच्या बरोबरीने उभी राहते, ती ह्या मार्गाने. मात्र परकीय नागरिकत्व स्वेच्छेने पत्करले की भारताचे नागरिकत्व जाते, हे पुष्कळ घरांत मागाहून कळते.

उत्तरार्ध अधिक खोल आहे. तेथपर्यंत जाण्यास हा संघ म्हणजे काय वस्तू आहे ते आधी पाहिले पाहिजे.

आपले भारतीय संघराज्य हे एक राष्ट्र आहे. युरोपीय संघ तसा नाही. तेथे सत्तावीस स्वतंत्र राष्ट्रांनी आपल्या सार्वभौम सत्तेचा काही भाग तह करून वरच्या एका व्यवस्थेच्या हाती दिला आहे. अशा व्यवस्थेस ‘राष्ट्रातीत’ म्हणावे की ‘अधिराष्ट्रीय’, ह्याविषयी दुमत होईल. मला दुसरा शब्द बरा वाटतो, कारण ह्या संघात राष्ट्रे विरून जात नाहीत, त्यांच्यावर एक मजला चढतो. आता राष्ट्राला स्वत्व असते हे आपण समजू शकतो : भाषा, भूमी, इतिहास, लढे. पण तहाने जन्मलेल्या संघाला कसले स्वत्व? त्याची भाषा एक नाही. चोवीस अधिकृत भाषा आहेत. इतिहास म्हणावा तर एकमेकांशी केलेल्या युद्धांचा. मग त्याने ‘हे मी’ असे म्हणावे ते कशाच्या बळावर?

२००७ साली सही झालेल्या व १ डिसेंबर २००९ पासून अमलात असलेल्या लिस्बनच्या तहाने ह्याचे उत्तर मूळ तहाच्या दुसऱ्याच कलमात घालून ठेवले आहे. संघ ज्या मूल्यांवर उभा आहे त्यांची तेथे गणना आहे : मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, लोकशाही, समता, कायद्याचे राज्य आणि मानवी हक्क. ह्याच कलमाच्या दुसऱ्या वाक्यात ज्या समाजात ही मूल्ये नांदतात त्याचे वर्णन आहे, आणि तेथे भेदभावाचा अभाव व स्त्रीपुरुषसमता ही येतात. म्हणजे ‘समता’ पहिल्या वाक्यात, ‘अभेद’ दुसऱ्यात. दुसऱ्या वाक्याला पहिल्याइतकेच कायद्याचे बळ आहे की ते केवळ वर्णन आहे, ह्यावर तेथील पंडितांत वाद आहे. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला ह्या वादाची गंमत वाटेल. पण त्यावर माणसांची उपजीविका अवलंबून असते.

समता आणि भेदभाव न करणे, ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत. पाणवठ्यावर कोणालाही अडवू नये, हा झाला अभेद. ज्याच्या वाड्यावर पाणवठाच नाही त्याच्यासाठी विहीर खणावी, ही समता. पहिल्याला निषेध पुरतो, दुसरीला कृती लागते. मराठीत ‘समता’ आणि ‘समानता’ हे शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. माझ्या कानाला ‘समानता’ मोजमापाची वाटते, तर ‘समता’ वृत्तीची. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘समानता’ हा शब्द आहे आणि कायद्याच्या भाषेत तोच योग्य आहे, कारण न्यायालयाला वृत्ती मोजता येत नाही.

ही मूल्ये तहातच राहिली असती तर त्यांचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. परंतु निधी देताना सदस्य राष्ट्रांतील कायद्याच्या राज्याची स्थिती पाहिली जावी, असा नियम संघाने केला. हंगेरी व पोलंड ह्यांनी त्यास हरकत घेतली. आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी लक्झेंबर्ग येथील संघाच्या न्यायालयाने दोन्ही राष्ट्रांची हरकत फेटाळताना एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्या निर्णयाचा आशय असा की, दुसऱ्या कलमातील मूल्ये ही धोरणाची शोभेची विधाने नसून, एक समाईक कायदेव्यवस्था म्हणून संघाचे स्वत्वच त्यांनी ठरते. ‘स्वत्व’ हा शब्द मी जाणून वापरीत आहे. ‘अस्मिता’ म्हटले की आपल्याकडे लगेच मोर्चा डोळ्यांपुढे येतो, आणि ‘ओळख’ म्हटले की ओळखपत्र. जे काढून घेतले असता वस्तू ती वस्तूच राहत नाही, ते स्वत्व.

मौज अशी की ह्या थोर तत्त्वाचा उगम पुष्कळसा व्यापारी हिशेबात आहे. १९५७ च्या रोमच्या तहात समान कामास स्त्रीपुरुषांना समान वेतन असावे, असे ११९ वे कलम आले, ते मुख्यतः फ्रान्सच्या आग्रहाने. फ्रान्समध्ये तसा कायदा आधीच होता, आणि शेजारी राष्ट्रे बायकांना कमी मजुरी देऊन आपला माल स्वस्तात विकतील, अशी त्याला धास्ती होती. कलम वर्षानुवर्षे कागदावर पडून राहिले. मग गॅब्रिएल डेफ्रेन ह्या बेल्जियन हवाई सेविकेने त्याला हात घातला. सबेना विमान कंपनीत त्याच कामाला पुरुषांहून कमी वेतन, आणि चाळिसाव्या वर्षी नोकरीची अखेर, असा तिचा अनुभव होता. ८ एप्रिल १९७६ रोजी न्यायालयाने ठरविले की हे कलम थेट लागू आहे, त्यासाठी राष्ट्राने वेगळा कायदा करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि समान वेतन हे समुदायाच्या पायांपैकीच एक आहे.

पाच वर्षांनी, १९८१ साली, आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हवाई सेविकांचाच खटला आला : एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपविणारा नियम न्यायालयाने रद्द केला. परंतु नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जावी, हा नियम मात्र वाजवी ठरविला. वर्गात हे दोन निकाल शेजारी ठेवले की मुलींच्या चेहऱ्यांवरूनच त्यांचे मत कळते. मलाही तो दुसरा भाग आजवर पटलेला नाही.

तथापि समतेला राज्यघटनेचे स्वत्व मानण्याच्या बाबतीत आपण युरोपच्या मागे होतो असे मुळीच नव्हे. आपल्या घटनेने १९५० सालीच चौदाव्या ते अठराव्या अनुच्छेदांत समता गुंफली, आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात घटनेला एक मूलभूत संरचना आहे व संसदेलाही ती मोडता येत नाही, हे ठरले. आणि २००७ च्या कोएल्हो खटल्यापर्यंत समतेचे तत्त्व त्या संरचनेत असल्याचे स्पष्ट झाले. दोन्हीकडील न्यायालयांनी जवळजवळ एकच गोष्ट केली आहे. फरक एवढाच की आपल्याकडे ह्या स्वत्वाने संसदेचा हात धरला जातो, तर तिकडे सदस्य राष्ट्रांचा.

कशावरून भेद करू नये ह्याच्या दोन याद्या मात्र अवश्य ताडून पाहाव्यात. आपल्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान आहेत. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेच्या एकविसाव्या कलमात भाषा, वय, अपंगत्व, लैंगिक कल, संपत्ती, एवढेच नव्हे तर अनुवंशिक लक्षणेसुद्धा आहेत. पण ‘जात’ हा शब्द नाही. सामाजिक मूळ व जन्म ह्या शब्दांत ती ओढूनताणून बसवावी लागेल. अशी प्रत्येक यादी म्हणजे त्या त्या समाजाला जेथे जेथे दुखले त्या जागांची यादी असते.

गोमंतकाला कोठे दुखले? १५६० पासून, मध्ये काही वर्षांचा खंड सोडता, १८१२ पर्यंत येथे इन्क्विझिशन होते. १७६१ साली मार्क्विस पोंबालच्या काळात एतद्देशीय ख्रिस्ती प्रजा पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीची ठरविली गेली. हिंदू त्या बरोबरीत नव्हते. डिचोली, सत्तरी, पेडणे हे नव्या काबिजादीतील प्रदेश. पेडणे तर १७८८ साली हाती लागले. तेथे धर्म व रीतिरिवाज ह्यांत हात घालणार नाही, असे अभिवचन राज्यकर्त्यांनी दिले व देवळे उभी राहिली. परंतु देऊळ राखणे वेगळे आणि बरोबरी देणे वेगळे. ती बरोबरी कायद्याने आली १९१० च्या प्रजासत्ताकाबरोबर. १९११ साली चर्च व राज्य विभक्त झाले. हिंदूंना शिक्षणाचे व नोकऱ्यांचे दरवाजे उघडले. ती टिकली वीसच वर्षे. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने गोमंतकीयांचा दर्जा पुन्हा खालावला, आणि त्याच वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा ह्यांनी विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. लिस्बनहून दिलेली समता लिस्बनहूनच परत घेता येते, हे तेव्हा दिसले.

मुक्तीनंतर १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा भारतीय संघराज्यात आला, आणि चौदावा अनुच्छेद येथल्या भाटकाराला व मुंडकाराला एकाच ओळीत लागू झाला. पोर्तुगीज नागरी कायदा मात्र राहू दिला गेला. त्यात मुलीला मुलाइतकाच वारसा आहे, म्हणून त्याची आज सर्वत्र वाखाणणी होते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही केली. ती रास्त आहे. परंतु त्याच्याच जोडीला १८८० चा हिंदूंच्या रीतिरिवाजांचा हुकूम होता व त्यात काही अटींवर पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा होती, हे वाखाणणारे सहसा सांगत नाहीत. आणि नोटरीपुढे बसून भावांसाठी हक्क सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. सोडताना त्या हसतमुख असतात. घरी जाताना नसतात.

आता त्या मैत्रिणीकडे वळू. युरोपीय संघात राष्ट्रीयत्वावरून भेद करू नये, हा नियम रोमच्या तहापासून आहे. पण तो सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांपुरता. सनदेचे विसावे कलम कायद्यापुढे सर्वांस समान म्हणते, तरी तेथे शिरण्याचा, राहण्याचा, काम करण्याचा हक्क त्यातून निघत नाही. म्हणजे समता हे स्वत्व खरे, परंतु त्याला उंबरठा आहे. हद्दीपलीकडच्या मुलीचे आजोबा सावंतवाडी संस्थानात जन्मले; तेरेखोलचे किंवा डिचोलीचे असते तर तीही आत असती. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका लढाईत सीमारेषा कोठे थांबली, ह्यावर हे ठरते.

आपल्याकडेही उंबरठा आहेच. चौदावा अनुच्छेद ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहे, तर पंधरावा व सोळावा नागरिकांना. मुक्तीनंतर मोंतेरो नावाच्या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवणे पसंत केले, राहण्याच्या परवान्याची मुदत संपूनही ते येथे राहिले, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने त्यांना परकीयच ठरविले. जन्मभूमीत परका होण्याचा तो प्रसंग नागरिकत्वाच्या दोन पेट्यांमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे.

ब्रिटनचे उदाहरण तर ताजेच आहे. स्विंडनसारख्या गावी पोर्तुगीज पारपत्रावर गेलेली गोमंतकीय कुटुंबे पुष्कळ आहेत. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडले. त्या वर्षअखेरपर्यंत जे तेथे राहत होते त्यांना अर्ज करून हक्क राखता आला, मागून जाणाऱ्यांना नाही. थोरला भाऊ आत व धाकटा बाहेर, अशी घरे आमच्या तालुक्यात आहेत.

भाषेचा विषय येथे ओघाने येतो म्हणून एकच वाक्य. युरोपीय संघात लहान राष्ट्राची भाषाही अधिकृत यादीत मोठ्या भाषेच्या शेजारी बसते. आमच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा मान दिला व मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा दिली, आणि मान व मुभा ह्यांतील अंतर ह्या नियतकालिकाच्या वाचकांस मी सांगावयास नको.

त्या माजी विद्यार्थ्याला मी दाखला दिला. रजिस्टरात आडनाव जसे आहे तसेच लिहिले. फरक समजावून सांगण्याचे काम त्याच्या वकिलाचे. मुलीच्या प्रश्नाला मात्र एका तासात उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी चौदावा अनुच्छेद फळ्यावर लिहिला आणि दोघींना आळीपाळीने वाचावयास सांगितले. दोडामार्गची मुलगी ‘कोणत्याही व्यक्तीला’ ह्या शब्दांशी थांबली आणि तिने विचारले, "सर, म्हणजे पोर्तुगीज झाल्यावर ही इथे परत आली, तर हे हिलाही लागू?" मी होय म्हटले. "आणि मतदान?" मी नाही म्हटले. पहिली मुलगी गप्प राहिली. तिच्या घरी अर्ज अजून पाठविलेला नाही.