पार्टिशनपलीकडचा आवाज आणि आपली झोप

'डॉक्टर, झोपेची गोळी लिहून द्या' असे म्हणणाऱ्या काही रुग्णांना औषधापेक्षा बऱ्या भिंतीची गरज असते. घर अपुरे पडले की आपण प्लायवूडचे पार्टिशन घालून एका खोलीच्या दोन खोल्या करतो. त्याने नजरेला आडोसा होतो, आवाजाला होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले की, चांगल्या झोपेसाठी झोपण्याच्या खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत हवा. आवाजाने जाग आली नाही तरी नाडी जलद होते व झोप उथळ राहते.

भिंत आवाज अडवते ती मुख्यतः वजनामुळे. वजन दुप्पट केले की साधारण ५ ते ६ डेसिबल आवाज अधिक अडतो. म्हणून विटांच्या भिंतीपुढे लाकडी भिंत कमी पडते. दोन पातळ तक्ते व मध्ये पोकळी ठेवली, तर बोलणे बरेच अडते. पण मधली हवा स्प्रिंगसारखी वागते. ढोलासारख्या खर्जातल्या आवाजाने दोन्ही तक्ते थरथरतात आणि आवाज पलीकडे पोचतो.

स्वीडनमध्ये दोन मजल्यांहून उंच लाकडी इमारतींवरील बंदी १९९४ साली उठली आणि हा प्रश्न तेथे महत्त्वाचा ठरला. अशा भिंतीची परीक्षा आता बांधण्यापूर्वीच संगणकावर घेता येते. तक्त्याची जाडी, वजन, ताठपणा, आतील उभ्या लाकडांमधले अंतर ही माहिती दिली की संगणक भिंतीचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकाची थरथर गणिताने काढतो. मात्र लाकूड रेषांच्या दिशेने ताठ, तर आडवे लवचिक असते. स्क्रूची बसणीही सारखी नसते. म्हणून हा अंदाज प्रयोगशाळेत पडताळून पाहावा लागतो.

आपण एवढे करावे :

१) पार्टिशन थेट छतापर्यंत न्यावे.

२) दोन्ही बाजूंना प्लाय लावून पोकळीत ग्लासवूल भरावे.

३) फटी बुजवाव्यात. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही चांगली असो, २० डेसिबलहून अधिक आवाज अडत नाही.

४) टीव्ही वा स्पीकर पार्टिशनला टेकवू नये, रात्री बास कमी ठेवावा.

एवढे करूनही महिनाभर झोप लागत नसेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांना भेटावे. मनाने गोळी घेऊ नये.