ड्रीम ऑफरला ‘नाही’ म्हणाली ती!

समजा, तुमच्या ड्रीम कंपनीचा मेल आला. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस, घरी पेढे आणायची तयारी. आणि तुम्ही रिप्लाय केलात, ‘थँक यू, पण आत्ता नाही.’ काय होईल? आठवडाभर तरी घरात कुणी धड बोलणार नाही तुमच्याशी!

लिओन्टिन प्राइसने १९५८ च्या सुमारास हेच केलं होतं.

कोण ही? अमेरिकेतली ऑपेरा गायिका. आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात वरचा. ऑपेरा म्हणजे गाण्यातून उभं राहणारं अख्खं नाटक. समोर ऑर्केस्ट्रा, हॉलमध्ये हजारो माणसं आणि माइक नाही. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते स्वतःच्या दमावर.

लिओन्टिनचा जन्म १९२७ चा, मिसिसिपीतल्या लॉरेल गावचा. वडील लाकडाच्या गिरणीत, आई सुईण. कृष्णवर्णीयांसाठी तेव्हा तिथे शाळासुद्धा वेगळ्या होत्या. ओहायोच्या कॉलेजात ती गेली ती शिक्षिका व्हायला. पण तिचा आवाज ऐकून लोकांनी तिला न्यू यॉर्कच्या ज्युलिअर्ड संस्थेत पाठवायचं ठरवलं. पैशांसाठी विख्यात गायक पॉल रोबसनने कार्यक्रम केला, गावातलं एक श्रीमंत गोरं कुटुंबही पाठीशी उभं राहिलं.

१९५५ मध्ये ती टीव्हीवर ‘टोस्का’ या ऑपेराची नायिका झाली, तर दक्षिणेतल्या काही स्टेशन्सनी तो दाखवलाच नाही. न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात, म्हणजे ‘मेट’मध्ये, कृष्णवर्णीय गायिकेला पहिली भूमिका मिळाली तीही त्याच वर्षी, मरियन अँडरसनला.

अशा वेळी लिओन्टिनला ‘मेट’चं बोलावणं आलं. भूमिका ‘आयडा’ची. आयडा इथिओपियाची राजकन्या, पण इजिप्तमध्ये गुलाम. टीव्हीवर तिला संधी देणारे पीटर हर्मन ॲडलर यांनी सल्ला दिला, थांब. मोठ्या कलावंताने तिथलं पहिलं पाऊल गुलाम म्हणून टाकू नये. तिने नकार कळवला.

गंमत म्हणजे आयडा तिला नकोशी नव्हती. व्हिएन्ना, लंडन आणि १९६० मध्ये मिलानच्या ला स्काला इथे ती आयडाच गायली. नको होतं ते ‘मेट’चं तेवढंच एक दार. यात रिस्क होती. ‘मेट’ने पुन्हा विचारलंच नसतं तर? पण ती वाट बघत घरी बसली नव्हती. नव्या भूमिका बसवत होती, गाजवत होती.

‘मेट’ने पुन्हा विचारलं. २७ जानेवारी १९६१ ला ती ‘इल त्रोवातोरे’ मध्ये सरदारघराण्यातली लिओनोरा म्हणून उभी राहिली. शेवटी टाळ्या किती वेळ? अर्ध्या तासाहून जास्त! मग पहिल्याच सीझनमध्ये तिने तिथे पाच भूमिका केल्या. त्यात आयडाही होती, पण आता तिच्या अटीवर.

त्याच वर्षाच्या शेवटी एका प्रयोगात तिचा आवाज मध्येच बसला. शेवटचा अंक दुसऱ्या गायिकेने निभावला. त्यानंतर तिने आवाजाला विश्रांती दिली. पुढे ऑपेराचे प्रयोगही मोजकेच घेत गेली. म्हणून ३ जानेवारी १९८५ ला, वयाच्या ५७ व्या वर्षी, तिने ऑपेराचा निरोप घेतला तेव्हा आवाज शाबूत होता. शेवटची भूमिका अर्थातच आयडा.

आता लगेच ऑफर लेटर फाडू नका! प्रत्येकाला ‘नाही’ परवडत नाही. घरचं कर्ज, बहिणीची फी असते. पण ‘सगळे घेतायत म्हणून’ सही करण्याआधी एक रात्र विचारा, या दारातून आत गेल्यावर लोक मला काय म्हणून ओळखतील? आणि ‘नाही’ म्हणालात, तर उद्या सकाळी रियाजाला बसणार आहात का?

तिचा तो १९८५ चा निरोपाचा प्रयोग टीव्हीवर थेट दाखवला होता. तिसऱ्या अंकातलं आयडाचं गाणं इअरफोन लावून ऐका. भाषा इटालियन आहे, कळणार नाही. तरी ऐका.